तू बाबांना मारलं नाहीस

४ मार्च

भिंग्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, या भीतीने पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. आता फसवून का होईना, तुझ्या घरात शिरलेच आहे तर पुढे वाच. फोन करणार होते. पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी नुसती रडले असते. नऊ वर्षांनी भावाला फोन करायचा आणि हुंदके ऐकवायचे, हे काही मला बरं दिसेना.

मी बरी आहे. अजून हॉस्पिटलच्या शिवणखोलीतच आहे. चादरी, पेशंटचे झगे, डॉक्टरांचे कोट, जे फाटेल ते शिवते. मध्ये दोन आठवडे रजा घेतली होती, डाव्या हाताला जरा मुंग्या येत होत्या. पन्नाशी आली, चालायचंच.

तुला तीन गोष्टी विचारायच्या होत्या. बाबांचं डोकं दुखायचं ते नेमकं कधीपासून, आणि दुखण्याआधी त्यांना काही व्हायचं का? आजी शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिला काय झालं होतं, ते बाबा कधी बोलले होते का? आणि शेवटच्या वर्षात बाबांच्या कामात काही फरक पडला होता का? मी लग्न होऊन लांब आलेले. दुकानात बाबांच्या शेजारी तूच बसायचास, म्हणून तुलाच ठाऊक असणार.

का विचारते ते मागाहून सांगते. चिऊ आता वीस वर्षांची झाली असेल ना? मी पाहिली तेव्हा दुकानातल्या चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा एकावर एक घालून मिरवायची.

ताई


१३ मार्च

ती. ताईस,

पत्र पोचलं. तुझ्या शेजारणीचं अक्षर चांगलं आहे.

नऊ वर्षांनी जुना खटला पुन्हा उभा करायचा दिसतोय. हरकत नाही, आरोपीची साक्ष घे. बाबांच्या कामात फरक पडला होता. चांगलाच पडला होता. त्या शेवटच्या महिन्यात त्यांनी तीन गिऱ्हाइकांची उजवी काच डाव्या बाजूला आणि डावी उजवीकडे बसवली. चाळीस वर्षं ज्या माणसाचा काचेचा कोन केसभर चुकला नाही, तो माणूस. तिसरं गिऱ्हाईक भर दुकानात ओरडायला लागलं तेव्हा मीही ओरडलो. काय ओरडलो ते तुला पाठ आहे, तरी लिहितो. ‘बाबा, आता कशाला हात लावू नका, लोकांचे डोळे फोडाल.’ बाबांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि घरी गेले. संध्याकाळी तोंड धुताना कोसळले. तिसऱ्या दिवशी गेले. आणि हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर तू मला म्हणालीस, ‘तू बाबांना मारलंस.’

ते खरंच होतं, म्हणून मी तेव्हा उलट बोललो नाही आणि आजही बोलत नाही. त्या दिवसानंतर मी कुणावर आवाज चढवलेला नाही. बायको म्हणते, भांडायचं झालं तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल. सिगारेट तेवढी लागली. बाबा असताना मागच्या दाराशी उभं राहायची सोय नव्हती, आता आहे.

आता तुझी उत्तरं. आजीचं काही ठाऊक नाही. बाबा एवढंच म्हणायचे, ‘तिचं डोकं गेलं आणि मग पाय गेले.’ डोकेदुखी बाबांना मी शाळेत असल्यापासून होती. आधी डोळ्यांपुढे चकचकीत नागमोडी रेघा यायच्या, अर्धा तास टिकायच्या, मग डोकं. त्यांना वाटायचं की नंबर वाढला. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असतं हे तुला आठवत असेल. तुझ्या पत्रानंतर पेटी उघडून बाबांचं स्वतःचं कार्ड काढलं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःचे डोळे अकरा वेळा तपासलेत. अकराही वेळा नंबर तोच. तरी प्रत्येक वेळी नवी काच.

हसू नकोस, मीही तेच करतो. मलाही रेघा दिसतात, दोन-तीन वर्षं झाली. यंदा तीन वेळा काचा बदलल्या. चष्मेवाल्याच्या घरात जन्मलो, खाण तशी माती.

आणखी काही विचारायचं असेल तर सरळ विचार. मला कोड्यात बोलणं जमत नाही.

भिंग्या


२० मार्च

भिंग्या, माझ्या राजा,

हे पान आधी वाच आणि वाचून झालं की थोडा वेळ थांब. दुसरं पान नंतर.

तू बाबांना मारलं नाहीस. हे मी माया येऊन म्हणत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलंय आणि माझ्याकडे त्याचा कागद आहे.

मुंग्यांची थाप मी मारली होती. जानेवारीत शिवणखोलीत कापड कापताना कात्री हातातून गळून पडली. उचलायला गेले तर हात माझं ऐकेना. हॉस्पिटलातच होते म्हणून वीस मिनिटांत डॉक्टरांपुढे पोचले. मेंदूचा झटका होता, हलका. हात बराचसा परत आलाय, बटणं तेवढी लावता येत नाहीत. पण फोटो काढला तेव्हा मेंदूत आणखी सात ठिपके निघाले. जुने. म्हणजे सात झटके येऊन गेले होते आणि मला पत्ताच नव्हता. मी सिगारेट ओढत नाही, रक्तदाब बेताचा, साखर नाही. म्हणून त्यांनी रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. तिथल्या बाई फार समजूतदार. कागदावर चौकोन आणि गोल काढून त्यांनी आपलं सगळं घराणं मांडलं. म्हणाल्या, बहुतेक लोकांत असे शेकडो बारीक फरक असतात, त्यातला प्रत्येक धोका चिमूटभर वाढवतो, आणि बाकीचं खाण्यापिण्यावर, रक्तदाबावर ठरतं. तुमच्या घरात मात्र एकच फरक आहे आणि तो एकटाच सगळ्यांना पुरून उरणारा आहे. त्याने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड होतात आणि निकामी होतात. तरुणपणी डोळ्यांपुढे रेघा आणि डोकेदुखी. पुढे झटके. मग विसरणं, चुका, पाय जाणं. आई अठ्ठ्याहत्तरीपर्यंत ठणठणीत होती, म्हणजे हे आजीकडून बाबांना आणि बाबांकडून मला आलं.

उजवी काच डावीकडे बसली ती म्हातारपणाने नाही. बाबांना तोवर कितीतरी झटके येऊन गेले असणार, कुणाला न कळता. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मुलगा अंगावर ओरडला म्हणून असं होईल का?’ ते म्हणाले, ‘भिंती खराब व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. एका दुपारच्या भांडणाचं हे काम नाही.’

आणि मी जिन्यात उभी राहून चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

आता दुसरं पान.

हा फरक आईबापांपैकी एकाकडे असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मला आला म्हणून तू सुटलास असं होत नाही, प्रत्येकाची सोडत वेगळी. मला मूलबाळ नाही, माझ्याकडचं माझ्यापाशी संपेल. तुला चिऊ आहे. माझा कागद फेब्रुवारीतच आला होता. पण तुझी सुटका लिहायची तर त्याच पत्रात हेही लिहावं लागणार, म्हणून आधी ते तीन भोचक प्रश्न विचारून वेळ काढला. तुला रेघा दिसत नसतील असं मनाशी म्हणत होते. तुझं पत्र वाचलं आणि हे लिहायला बसले.

काचा बदलू नकोस. ते डोळ्यांचं नाही.

ताई


१९ एप्रिल

ताई,

उत्तराला महिना लागला.

पहिलं पान चार वेळा वाचलं. दुकानाला कुलूप लावलं आणि चालत सुटलो, पार गावाबाहेरच्या पुलापर्यंत. तिथे कठड्यावर बसून मोठ्याने रडलो. एक म्हातारा थांबून विचारू लागला, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं, ‘वडील.’ ‘कधी?’ म्हणाला. ‘नऊ वर्षं झाली,’ म्हटल्यावर तो बिचारा आपल्या वाटेने निघून गेला. त्या आठवड्यात मला नीट झोप लागायची. सकाळी जाग आली की आधी आठवायचं, मी केलेलं नाही. तुला सांगून कळायचं नाही ते. बायकोला सांगितलं, तीही रडली.

दुसरं पान एकदाच वाचलं. बायकोला ते दाखवलेलं नाही.

ताई, मी तपासणार नाही. औषध आहे का त्याच्यावर? असतं तर तूच पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. औषध नाही तर कळून करायचं काय? हात दाखवून अवलक्षण. नऊ वर्षं मी एका निकालाखाली जगलो, तोही चुकीचा निघाला. आता कुठे पाठ सरळ केली तर तू दुसरा निकाल पुढे करतेस. आणि मी तपासलं तर चिऊलाही कळणार. ती आता डोळे तपासायचं रीतसर शिकतेय, संध्याकाळी दुकानात मशीनवर बसते. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा. या वयात तिने आरशात बघून काय शोधायचं?

तुझं पत्र येऊन गेलं की दोन दिवस माझा चेहरा उतरलेला असतो, असं चिऊ म्हणते. परवा म्हणाली, ‘आत्याची पत्रं आली की तुमची सिगारेट वाढते.’ पोरगी सगळं बघते. म्हणून तुला विनंती, या विषयावर पुन्हा लिहू नकोस. बाकी काहीही लिही. हात कसा आहे ते लिही. बटणं लागायला लागली की कळव.

तुला मी माफ केलंय. ते मात्र खरं.

भिंग्या


२६ एप्रिल

भिंग्या,

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तू लिहू नकोस म्हणालास आणि मी लिहितेय, म्हणजे पीळ कुणाचा ते तूच ठरव.

तपासू नकोस. तो तुझा हक्क आहे, त्या बाईंनीही मला तेच सांगितलं. पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसलीय. मी त्यांना विचारलं, औषध नाही तर काहीच हातात नाही का? त्या म्हणाल्या, फरक जन्माचा आहे, तो बदलत नाही. पण तोच फरक असलेल्या दोन माणसांत, जो सिगारेट ओढतो त्याला झटका कितीतरी वर्षं आधी येतो. रक्तदाब सांभाळायचा आणि सिगारेट सोडायची, एवढं माणसाच्या हातात राहतं.

तुला सिगारेट कधी लागली ते तूच लिहिलंस. बाबांना तू मारलं नव्हतंस, पण त्या मागच्या दाराशी तुला मी उभं केलं. माझ्या एका वाक्याने. हे आता मला कुठलाच डॉक्टर खोटं आहे म्हणून सांगणार नाही.

म्हणून एवढं माझ्यासाठी कर. बुधवारी, ६ मेला सकाळी दहाची वेळ मी डॉक्टरांकडे घेतली आहे, तुझ्या नावाने. रक्त काढणार नाहीत. फक्त रक्तदाब बघतील आणि सिगारेट सोडायला काय करता येतं ते सांगतील. आमच्या हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर निळं दार आहे, समोर बाक आहे, मी तिथे बसलेली असेन. नऊ वर्षांनी तुझं तोंड बघायचंय हेही एक कारण आहे, लपवत नाही.

ये रे.

ताई


२३ मे

आत्या,

बाबांना निरोप दिला त्या दिवशी तुम्ही आलात, फाटकाशी उभ्या राहिलात आणि परत गेलात. मी तुम्हाला पाहिलं होतं. मुद्दामच बोलले नाही.

काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. ११ मेला दुपारी बाबा काउंटरवर बसले होते. त्यांनी तुमचं पत्र वाचलं. अर्ध्या तासाने ते एका बाईंच्या फ्रेमची काडी सरळ करत होते आणि फ्रेम त्यांच्या हातातून पडली. मग तेच पडले. शुद्धीवर आले नाहीत. पाचव्या दिवशी गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण मला माझं कारण माहीत आहे. तुमच्या पहिल्या पत्रापासून बाबांचं काहीतरी बिघडत गेलं. आधी नऊ वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत तेही वाईट आणि नंतर बोललात तेही वाईट.

मी तुमची सगळी पत्रं वाचली आहेत. तुम्ही एकदा जिन्यात त्यांना जे म्हणालात, तेच मला तुम्हाला म्हणायचं आहे.

आई सारखी दुकानात जाऊन बसते. कुणाशी बोलत नाही.

चिऊ


१ जून

चिऊ, बाळा,

तुझं पत्र पोचल्यावर मी लगेच उत्तर लिहिलं नाही. आधी डॉक्टरांना भेटायला गेले. नऊ वर्षांपूर्वी मी आधी बोलले होते आणि विचारलं नऊ वर्षांनी. या वेळी आधी विचारून आले आणि मग लिहायला बसले.

तुला माझा राग आलाय तो राहू दे. मी त्याला लायक आहे. तुझ्या बाबांच्या हातात सिगारेट माझ्या शब्दाने आली, हे मी त्यांना लिहिलंच होतं. माझ्या वाट्याचं तेवढं मी नाकारत नाही.

पण तुझ्या पत्रात मला आणखी एक गोष्ट दिसली. माझं पत्र मी २६ एप्रिलला टाकलं. टपाल तीन दिवसांत पोचतं. बाबांनी ते ११ मेला वाचलं, असं तू लिहितेस. मधले बारा दिवस पत्र कुठे होतं, ते मी तुला विचारत नाही. ते कुणाच्या हाती पडलं ते मी ओळखलंय आणि बाबांचा चेहरा कोण जपत होतं तेही. ६ तारखेला मी त्या बाकावर एक वाजेपर्यंत बसले होते आणि मनातल्या मनात माझ्या भावाला हट्टी म्हणत होते. त्याला ती तारीख माहीतच नव्हती, हे मला तुझ्या पत्राने कळलं.

आता नीट वाच. मी डॉक्टरांना विचारलं, ६ तारखेला तो आला असता तर वाचला असता का? ते म्हणाले, ‘पाच दिवस सिगारेट सोडून रक्तवाहिनी नवी होत नाही. जे व्हायचं होतं ते आतमध्ये कधीच ठरून गेलं होतं.’ ते माझं मन राखायला बोलले का, असंही मी विचारलं. नाही म्हणाले. मी त्यांच्या हातून ते कागदावर लिहून घेतलंय, सोबत पाठवते. पत्र वाचून माणूस मरत नाही, आणि पत्र लपवूनही मरत नाही. तू आपल्या बापाला जपत होतीस. तेवढंच केलंस.

तुला कुणावर तरी राग ठेवल्याशिवाय जगता येत नसेल तर माझ्यावर ठेव. मी सोसेन, मला सवय होईल. पण तो स्वतःवर ठेवू नकोस. त्याने काय होतं ते मी माझ्या भावाच्या अक्षरात वाचलंय.

तुला ज्या गोष्टी कळून घ्यायच्या आहेत त्या तू पत्रांत वाचल्याच असशील. त्याची घाई नाही. कधी जनुकांच्या तपासणीच्या त्या बाईंशी बोलावंसं वाटलं, तर मी आहे. कधीच वाटलं नाही तरी मी आहेच.

आत्या


१२ जून

आत्या,

डॉक्टरांचा कागद आईला दाखवला. तिने तो पाकिटात परत घातला आणि पहिल्यांदाच जेवायला बसली.

पत्र माझ्याकडेच होतं. मशीनच्या खालच्या खणात, बारा दिवस. फोडलं नव्हतं. माझी परीक्षा झाली की देऊ, बाबांना ताप नको, असं म्हणत राहिले. शेवटी ११ तारखेला दिलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. पत्र वाचून बाबांचा चेहरा उतरला नाही. ते हसले. म्हणाले, ‘सहा तारीख गेली की गं. ताई बिचारी बसून राहिली असेल बाकावर.’ मग खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून त्यांनी मोडक्या फ्रेमांच्या डब्यात टाकलं आणि मला म्हणाले, ‘ताईला फोन लाव. म्हणावं, मी येतोय, दुसरी तारीख घे.’

गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, संध्याकाळी लावू.

चिऊ